जुन्या स्टिरिओला टॉपिंग ई30 आणि विम मिनी जोडले, सहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमच्या मिरजेच्या घरी अण्णांचा स्टिरिओ आहे. सोनोडाइनचा अँप आणि लाकडी खोक्यातले दोन मोठे स्पीकर, 1991 साली घेतलेले, नंतर 1998 ला त्यात एक जपानी कंपनीचा सीडी प्लेअर आला. घरात बाकी सगळं बदललं पण हा सेट त्याच कपाटात त्याच जागेवर आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र तो जवळपास बंदच पडल्यासारखा झाला होता, म्हणजे अँप चालू होता पण सीडी प्लेअर अर्ध्या सीड्या वाचेना आणि आम्ही मोबाईलवरून गाणी लावायला पाचशे रुपयांचा एक ब्लूटूथ रिसीव्हर मागे खोचून ठेवला होता, त्याच्यावर अण्णा दोन मिनिटं ऐकायचे आणि उठून जायचे. विचारलं तर एवढंच म्हणायचे, "तंबोरा लागत नाही रे यात."

मिरजेत वाढलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आलं की ते गंभीरपणे घ्यावं लागतं. सतारमेकर गल्ली घरापासून चालत दहा मिनिटांवर, लहानपणी शाळेतून येताना भोपळे वाळत घातलेले बघायचो आणि आतून कोणीतरी जवारी काढत बसलेलं ऐकू यायचं. जवारी म्हणजे ज्या पट्टीवर तारा टेकतात त्या घोडीवर, तार आणि घोडीच्या मधे सुताचा धागा सरकवून ती जी एक झणकार उठवतात ती, एका तारेतून दहा सूर निघाल्यासारखं वाटतं ते त्याच्यामुळेच. तो सगळा खेळ वरच्या बारीक सुरांचा आहे, आणि ऑडिओ दाबून लहान केला की पहिला मार त्यांनाच बसतो. ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीत, जास्तीत जास्त 328 केबीपीएसच्या (सेकंदाला हजार बिट) आसपास डेटा जातो, सीडीचा असतो 1411. त्यात मोबाईलवरचं गाणं आधीच एकदा दाबलेलं, ते उघडून ब्लूटूथसाठी परत एकदा दाबायचं. तंबोऱ्याच्या जागी एक सपाट भुणभुण राहते. अण्णा बरोबर बोलत होते.

तर मी ठरवलं की अँप आणि स्पीकरला हात न लावता फक्त डिजिटल भाग बदलायचा. अँप म्हणजे शेवटी आलेला सिग्नल मोठा करायचं काम, ते काम 1991 चा चांगला अँप आजही नीट करतो. पण डिजिटलचं अॅनालॉग करणारा भाग, म्हणजे डॅक, तो या तीस वर्षांत प्रचंड सुधारलाय आणि स्वस्त झालाय. सीडीचा फॉरमॅट 1982 पासून तोच आहे, 16 बिट 44.1 किलोहर्ट्झ, त्यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातल्या अंतराची मर्यादा 96 डेसिबलच्या आसपास आणि आजचे दहा-बारा हजारांचे डॅक 110 च्या वर सहज जातात. म्हणजे सीडीत जे आहे ते सगळं बाहेर काढायला आता लाखाची पेटी लागत नाही.

मी घेतलेल्या दोन वस्तू: टॉपिंगचा ई30 हा डॅक, मला सेकंडहँड साडेआठ हजारांत मिळाला, आणि विम मिनी हा स्ट्रीमर, म्हणजे वायफायवरून गाणी घेऊन डॅकला देणारी डबी, तो नवा साधारण नऊ हजारांत. भाव बदलत असतात त्यामुळे हे आकडे अंदाजाला घ्या. ई30 आता जुनं मॉडेल आहे, त्याच्या जागी ई30 टू आलाय ज्यात चिप एकाऐवजी दोन आहेत. जुन्या ई30 मध्ये असाही केसेईची एके4493 चिप आहे. या कंपनीच्या जपानमधल्या नोबेओका इथल्या फॅक्टरीला ऑक्टोबर 2020 मध्ये मोठी आग लागली आणि त्यानंतर बराच काळ या चिप मिळेनात, बऱ्याच डॅकवाल्यांना दुसऱ्या चिपवर जावं लागलं. आवाजासाठी मुद्दाम तीच चिप शोधत बसायची गरज नाही असं मला आता वाटतं, का ते पुढे येतंयच.

ई30 हातात घेतला तर एवढीशी डबी, तळहातावर मावते, मागे तीन इनपुट: यूएसबी, ऑप्टिकल (उजेडाने सिग्नल नेणारी केबल) आणि कोअॅक्स (तारेने नेणारी), आणि लाल-पांढरे दोन आरसीए आउटपुट जे सरळ अँपच्या ऑक्सला जातात. हेडफोनचं भोक नाही, ब्लूटूथ नाही, आणि पॉवरसाठी बॉक्समध्ये फक्त वायर येते, अडॅप्टर येत नाही, मोबाईलचा 5 व्होल्टचा चार्जर लावावा लागतो. मी घरातला एक जुना चार्जर लावलाय, सहा महिने व्यवस्थित चालू आहे. रिमोट मिळतो आणि तो अण्णांना पहिल्या दिवसापासून जमला कारण त्यात फारशी बटणंच नाहीत. पुढच्या डिस्प्लेवर कुठलं इनपुट चालू आहे आणि किती सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने) येतोय ते दिसतं, हे मला आधी फालतू वाटलं होतं पण नंतर फार कामाला आलं. सीडी लावली की 44.1 दिसतं, टीव्ही लावला की 48, आणि काहीतरी सेटिंग चुकलं की लगेच कळतं.

एक गोष्ट विकत घेतल्यावर पहिल्या दिवशीच करा. हा डॅक प्रीअँप म्हणूनही चालतो, म्हणजे याच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो, आणि साधा डॅक म्हणूनही, म्हणजे पूर्ण 2 व्होल्ट आउटपुट देऊन आवाज अँपवर सोडून देतो. जुने अँप कॅसेट डेकच्या जमान्यातले, त्यांना काही शे मिलिव्होल्टमध्येच पोट भरायची सवय, त्यांना 2 व्होल्ट दिले की व्हॉल्यूमचं बटण थोडंसं फिरवलं तरी घर दणाणतं आणि हळू आवाजात ऐकायचं म्हटलं तर डावा-उजवा सारखा राहत नाही. (जुन्या व्हॉल्यूमच्या बटणामागच्या पॉटचा हा दोष अगदी खालच्या टोकाला जास्त जाणवतो.) मी प्रीअँप मोडमध्ये ठेवून आवाज दहा डेसिबल खाली आणून ठेवला, आता अँपचं बटण मधल्या भागात फिरतं आणि रात्री हळू लावलं तरी दोन्ही बाजू समान येतात. एवढ्या एका बदलाने अण्णांच्या रात्रीच्या ऐकण्यात जो फरक पडला तो खूप आहे.

आता मुख्य मुद्दा, आवाज किती सुधारला. याचं उत्तर आधी काय लावलेलं होतं यावर आहे आणि मी तिन्ही प्रकार करून बघितले.

ब्लूटूथ रिसीव्हर काढून विम मिनीतून ऑप्टिकलने ई30 ला दिलं, हा फरक घरात कोणालाही न सांगता कळला. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली आणि म्हणाली, स्पीकर बदलले का? किशोरीताईंची एक जुनी रेकॉर्डिंग लावली होती, तंबोरे उघडे झाले, म्हणजे दोन तंबोरे आहेत हेच आधी कळत नव्हतं आता एक डावीकडून आणि एक उजवीकडून मागून येतो, मधे जागा रिकामी राहते आणि त्या जागेत गाणं उभं राहतं. अण्णा अर्धा तास बसून राहिले. नंतर म्हणाले, "आता लागला." मी बाकी काही विचारलं नाही.

दुसरा प्रकार लॅपटॉप. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर अँपला लावली की आमच्याकडे कायम घूंऽऽ असा आवाज यायचा, चार्जर काढला की कमी व्हायचा. हा अर्थिंगचा प्रकार, लॅपटॉपचा चार्जर आणि अँप दोन वेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले जातात आणि त्या वर्तुळातून मेनचा 50 हर्ट्झचा गुंजारव स्पीकरमधे शिरतो. ऑप्टिकल केबलमधून फक्त उजेड जातो, वीज जातच नाही, त्यामुळे वर्तुळ तुटतं आणि आवाज बंद. यूएसबीने डॅक लावला तर ही गॅरंटी नाही कारण यूएसबीत तांब्याची तार आहे, माझ्याकडे यूएसबीवर थोडी घूं राहिलीच होती. म्हणून सांगतो, ज्याच्या घरी असला आवाज येतो त्याने आधी ऑप्टिकल करून बघा, महागडे फिल्टर वगैरे नंतर.

तिसरा प्रकार म्हणजे सीडी प्लेअर, आणि इथे मला जे मिळालं ते मी अपेक्षा केली होती तसं नव्हतं. आमच्या सीडी प्लेअरला कोअॅक्स आउट आहे, त्यामुळे एकाच वेळी त्याचा स्वतःचा अॅनालॉग आवाज अँपच्या टेप इनपुटला आणि डिजिटल आउट ई30 मधून ऑक्सला असं दोन्ही जोडलं. आता तीच सीडी, तोच क्षण, अँपचं सिलेक्टर फिरवलं की जुना डॅक आणि नवा डॅक. पहिल्या दिवशी नवा एकदम भारी वाटला, जास्त मोकळा, जास्त जवळ. मग लक्षात आलं की त्याचा आवाज थोडा मोठा आहे. माणसाच्या कानाला थोडंसं मोठं ते चांगलं वाटतं, हे माहीत होतं पण स्वतःवर लागू करायचं सुचलं नव्हतं. मग टेस्ट टोनची (एकसारख्या सुराची) सीडी बनवली, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावला, फरक निघाला साधारण दीड डेसिबल. ई30 अर्ध्या अर्ध्या डेसिबलने खाली येतो, तीन पायऱ्या खाली आणला, मीटरवर दोन्ही सारखे झाले. मग मुलीला सिलेक्टरवर बसवलं आणि मी डोळे मिटून खुर्चीत. बारा वेळा ओळखायला लावलं, सात बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते.

म्हणजे 1998 चा चांगला सीडी प्लेअर आणि आजचा डॅक यांच्यात मला, माझ्या कानांना, माझ्या खोलीत फरक नीट ओळखता येत नाही. कोणाला येत असेल तर चांगलंच आहे पण आधी दोन्हीकडचा आवाज मोजून सारखा करा आणि मग सांगा. ज्यांच्याकडे चालू अवस्थेतला चांगला सीडी प्लेअर आहे आणि जे फक्त सीडीच ऐकतात त्यांनी फक्त आवाजासाठी डॅक घेऊ नये असं माझं स्पष्ट मत झालंय. ज्यांच्याकडे मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप हेच सोर्स आहेत त्यांनी मात्र जरूर घ्यावा.

आमचा प्रश्न अर्थात सीडी वाचलीच जात नाही हा होता, आणि डॅक लावून तो सुटत नाही, लेझर म्हातारी झाली की सीडी अडखळते आणि अडखळलेलाच सिग्नल डॅकला जातो. लेझर बदलून मिळते का विचारायला एका दुकानात गेलो तर त्याने प्लेअर टाकून द्या आणि हा साउंडबार घ्या असं सुरू केलं, त्याच बैठकीत साडेचार हजारांची ऑप्टिकल केबल पण दाखवली. मी दीडशे रुपयांची घेतली आणि ती व्यवस्थित चालते. डिजिटल केबल एकतर सिग्नल नेते किंवा तुटक नेते, तुटला तर टकटक आवाज येतो किंवा सरळ बंद पडतो, तंबोरा गोड करायचं काम ती करत नाही. कोअॅक्ससाठी मी जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळ्या टोकाची व्हिडिओ केबल लावलीय, ती 75 ओहमचीच असते, तेच हवं असतं. आणि ऑप्टिकल केबल पहिल्यांदा लावताना टोकावरची बारीक प्लास्टिकची टोपी काढा, ती पारदर्शक असते आणि दिसत नाही, घालायला गेलं की जात नाही आणि आपण जोर लावतो, त्यात भोकाचं झाकण तुटतं. माझ्या मित्राच्या घरी असंच झालं.

तर सीड्या. अण्णांकडे 180 च्या आसपास आहेत, बऱ्याचशा पुण्याला गेलं की कर्वे रोडच्या अलूरकरांकडून आणलेल्या, काहींच्या आतल्या कागदावर अण्णांनी पेनाने तारीख लिहून ठेवलीय. त्या सगळ्या मी लॅपटॉपवर फ्लॅक फॉरमॅटमध्ये रिप केल्या, म्हणजे फाईल करून उतरवून घेतल्या, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे फुकट सॉफ्टवेअर वापरून. ते ओरखडे असलेला भाग पुन्हा पुन्हा वाचतं आणि जमल्यास दुसऱ्या लोकांनी केलेल्या रिपशी ताडून बघतं, त्यामुळे बरोबर आली की नाही ते कळतं. प्लेअरला न वाचता येणाऱ्या सीड्या लॅपटॉपच्या ड्राइव्हने बहुतेक सगळ्या वाचल्या, चारच गेल्या. फ्लॅक दाबतं पण काही टाकून देत नाही, सीडीचा अर्धा-पाऊण आकार होतो, सगळं मिळून साधारण 60 जीबी झालं, 128 जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून राउटरच्या यूएसबीला लावला आणि राउटरचं मीडिया सर्व्हर चालू केलं. विमच्या अॅपमध्ये तो आपोआप दिसतो.

शास्त्रीय ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. बऱ्याच सीड्यांवर विलंबित आणि द्रुत वेगळे ट्रॅक असतात पण मधे थांबत नाहीत, तंबोरा चालूच असतो. दोन फाईलच्या मधे क्षणभर जरी शांतता आली तरी तंबोरा तुटतो आणि ते फार वाईट लागतं. मी अशा सीड्या ट्रॅक न पाडता एकाच सलग फाईलमध्ये रिप केल्या. शोधायला थोडा त्रास होतो पण राग तुटत नाही. आणि नावं देवनागरीत घाला, अॅपमध्ये नीट दिसतात, अण्णांना वाचता येतात.

विम मिनीबद्दल. छोटासा गोल डबा, ऑप्टिकल आउट आहे, साधं 3.5 चं आउटपण आहे, वायफायवर चालतो त्यामुळे फोन आला तरी गाणं थांबत नाही, गाणं फोनमधून जातच नाही. अॅप चांगलं आहे, आउटपुट ऑप्टिकल करून व्हॉल्यूम फिक्स करता येतो, तो फिक्स कराच. कमतरता दोन. एक, बॉक्समध्ये रिमोट येत नाही, सगळं फोनवर, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते जड जातं. दुसरी मोठी, यात क्रोमकास्ट, म्हणजे फोनवरून वायफायने गाणं पाठवायची गूगलची सोय, नाही. आपल्याकडे जुन्या मैफिली, नाट्यगीतं, खाजगी ध्वनिमुद्रणं सगळी यूट्यूबवर पडलेली असतात आणि अँड्रॉइड फोनवरून ती मिनीवर लावायची तर परत ब्लूटूथच. आयफोनवाल्यांना तशीच सोय, एअरप्ले, आहे. मिनीच्या थोरल्या भावंडात, म्हणजे विम प्रोमध्ये, क्रोमकास्ट आहे, शिवाय कोअॅक्स आउट आणि ऑप्टिकल इनपण आहे. मला परत घ्यायचं झालं तर मी चार-पाच हजार जास्त घालून प्रोच घेईन.

आम्ही यूट्यूबसाठी टीव्ही वापरतो. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून ई30 ला, फक्त टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएमवर (साधा, न दाबलेला सिग्नल) ठेवायचं, डॉल्बी किंवा ऑटोवर ठेवलं तर साध्या डॅकला ते कळत नाही आणि आवाजच येत नाही, किंवा नुसता खरखर येतो. अडचण अशी की ई30 ला ऑप्टिकल इनपुट एकच, मिनीला आउट पण ऑप्टिकलच, आणि टीव्हीलाही ऑप्टिकलच. शेवटी तीन ऑप्टिकल घेऊन एक बाहेर देणारा स्विच आणला, सहाशे रुपयांचा, चालतोय. घ्यायच्या आधी आपल्याकडच्या सगळ्या वस्तूंची मागची भोकं कागदावर लिहून काढा, मी काढली नव्हती. आणि यूट्यूबवरचं चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटवरून उतरवलेलं गाणं कुठल्याही डॅकने स्वच्छ होत नाही, पण आहे ते तरी पूर्ण ऐकू येतं, आणि अण्णांना हल्ली तेच जास्त आवडतं.

डिजिटल सोडून दोन कामं केली त्याचा उल्लेख केला नाही तर हा रिव्ह्यू खोटा ठरेल. सांगलीतल्या एका वयस्कर मेकॅनिककडून अँपचं सिलेक्टर आणि व्हॉल्यूम कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घेतलं आणि पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बदलले. आणि वूफरच्या कोनच्या कडेची फोमची रिंग, ती बोट लावलं की भुगा होऊन पडत होती, ती दोन्हीकडची नवी बसवली. सगळं मिळून चार हजार. डग्ग्याचा घुमारा जो परत आला तो या चार हजारांमुळे, डॅकमुळे नाही. तबलजीने मनगट दाबून मींड काढली की ती आता खोलीच्या जमिनीवरून येते. तीस वर्षं जुने स्पीकर असतील तर आधी जाळी काढून ती रिंग बघा, मग डॅकचा विचार करा.

हे सगळं ऐकून आता कोल्हापूरच्या मामांना पण करायचंय. त्यांचा सेट अजून जुना, मागे आरसीएची भोकंच नाहीत, पाच पिनांचं गोल डिन सॉकेट आहे. त्यासाठी डिन टू आरसीए केबल मिळते पण बघून घ्यायला लागते, अँपच्या आत आवाज जातो तो 3 आणि 5 नंबरच्या पिनेवर, मधली 2 नंबर अर्थ, आणि काही तयार केबल 1 आणि 4 ला जोडलेल्या असतात ज्या रेकॉर्डिंगसाठी आहेत, त्या लावल्या तर आवाज येत नाही आणि माणूस डॅकलाच दोष देतो. मी सुटं डिन प्लग आणून स्वतः सोल्डर करतोय. मामांना टीव्हीच ऐकायचा असल्याने स्ट्रीमर नको, एक साधा ऑप्टिकलवाला डॅक पुरेल. रविवारी जाऊन जोडायचा आहे, अण्णा पण येतायत, त्यांनी सोबत न्यायच्या चार सीड्या कालच काढून ठेवल्यात.